चिपळूण कुठल्या दिशेला? भूगोलाच्या एका चाचणीचा प्रकरण अभ्यास

कोयना खोऱ्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते सातवीपर्यंत आहे. हेळवाक ओलांडून पाटणच्या बाजूला आलं, की नदीच्या उजव्या काठाला डोंगराच्या पायथ्याशी गाव लागतं. आम्ही तीन शिक्षक. सहावी आणि सातवी एकाच वर्गात बसतात. त्या वर्षी दोन्ही मिळून २१ मुलं होती. निम्मी गावातली, बाकीची वाड्यांवरची, आणि दोन भाऊ वरच्या धनगरवाड्यावरून रोज डोंगर उतरून येणारे. भूगोल माझ्याकडे होता.

मराठी, गणित आणि इंग्रजीच्या नियतकालिक चाचण्यांचे पेपर वरून येतात. भूगोलाचा येत नाही. त्यामुळे मुलाला भूगोल किती कळला, हे वर्गातल्या बाईंनी शोधलं तर शोधलं, नाहीतर मूल तसंच हायस्कूलला जातं. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सहामाहीच्या आधी, मी वीस गुणांची चाचणी घेतली. नकाशावाचन, ऋतू, हवा आणि हवामान, एवढाच भाग. रिकाम्या जागा, जोड्या लावा, नकाशाची अंगं ओळखा, आणि शेवटी एका वाक्यात उत्तरं.

पहिला प्रश्न मी मुद्दाम सोपा ठेवला होता. पेपर हातात पडल्यावर धीर यावा म्हणून. ‘चिपळूण आपल्या गावाच्या कोणत्या दिशेला आहे?’ आमच्याकडच्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाऊन आलेलं असतं. कुणाची मावशी तिकडे दिलेली, कुणाचे वडील तिकडच्या गाड्यांवर. हा गुण सगळ्यांना मिळणार, असं मी धरूनच चालले होते.

निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, ‘दक्षिण’.

पेपर वाटले तेव्हा

मी लाल पेनाने फुल्या मारल्या, बेरजा केल्या आणि दुसऱ्या दिवशी पेपर वाटले. एक मुलगी पेपर घेऊन टेबलापाशी आली. वर्गात फारशी न बोलणारी. म्हणाली, ‘‘बाई, चिपळूनला आमी खालीच जातो की. मग दक्षिण कसं चुकलं?’’

मी तिला नकाशा दाखवणार होते, तेवढ्यात माझं लक्ष तिच्या शब्दाकडे गेलं. खाली. आमच्या खोऱ्यात कुणीही ‘पश्चिमेला कोकणात जातो’ असं म्हणत नाही. ‘खाली कोकणात’ जातो आणि ‘वर घाटावर’ येतो. एक हजार मीटरच्या आसपास माथा असलेल्या सह्याद्रीवरून माणूस जवळजवळ समुद्रसपाटीला उतरतो, तेव्हा तो खालीच जातो. शब्द चोख आहे. पण शाळेत आम्ही तिसरीपासून शिकवतो, की नकाशात वर उत्तर आणि खाली दक्षिण. मुलीने दोन खऱ्या गोष्टी जोडल्या होत्या. चिपळूण खाली, खाली म्हणजे दक्षिण. तिच्या तर्कात कुठे फट नव्हती. फट होती ती आमच्या ‘वर उत्तर’ या शिकवण्यात. कागदावरचं वर-खाली आणि डोंगरावरचं वर-खाली यांना आम्ही एकच शब्द वापरतो आणि ते वेगळे आहेत हे कधी उघडून सांगत नाही.

त्या दिवशी पुढचा धडा मी घेतला नाही. सगळे पेपर परत मागितले आणि एकेका मुलाला जवळ बसवून विचारलं, ‘हे असं का लिहिलंस?’ दोन दिवस त्यात गेले. या प्रकरणातला सगळ्यात उपयोगाचा भाग तोच.

अठरा गुणांची मुलगी

सर्वात जास्त गुण मिळालेल्या मुलीला वीसपैकी अठरा होते. शीर्षक, दिशा, सूची, प्रमाण ही अंगं तिने बिनचूक लिहिली होती. आठ दिशांची आकृतीही सुबक काढली होती, ईशान्य आणि आग्नेय यांची अदलाबदल न करता. मी तिला पटांगणात नेलं आणि विचारलं, ‘‘इथे उत्तर कुठे?’’

तिने वर्गाच्या खिडकीतून आत पाहिलं, भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा शोधला, आणि हात त्या भिंतीकडे करून बोट वर रोखलं. ‘‘तिकडं.’’

आमच्या वर्गात पूर्वेला फळा आहे, उत्तरेला खिडक्या, पश्चिमेला दार आणि कपाट. नकाशा लावायला मोकळी भिंत उरते ती दक्षिणेची. गेली कित्येक वर्षं त्या नकाशाची उत्तर बाजू आमच्या मुलांना दक्षिणेच्या भिंतीवर, छताकडे तोंड करून दिसत आली आहे. तिने अठरा गुणांचा अभ्यास केला होता आणि पटांगणात ती बरोबर उलट दिशा दाखवत होती. यासाठी तिला फुली पडली नव्हती, कारण मी हा प्रश्न कागदावर विचारलाच नव्हता. तिच्यापेक्षा ‘दक्षिण’ लिहिणारी मुलगी मला जास्त काही सांगून गेली होती.

दुसऱ्या दिवशी नकाशा खिळ्यावरून काढला आणि व्हरांड्यात फरशीवर पसरला. सकाळची वेळ होती, ऊन समोरच्या डोंगरावरून येत होतं. मुलांनी आधी उगवतीची बाजू धरली, नकाशाची पूर्वेची कड तिकडे वळवली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मग एकेक जण आपल्या गावावर बोट ठेवून उभा राहिला आणि कराड, सातारा, चिपळूण, कोल्हापूर कुठे येतं ते हात लांब करून दाखवू लागला. कोल्हापूरसाठी हात शाळेमागच्या डोंगराकडे गेला, तेव्हा एकजण म्हणाला, ‘‘म्हंजे आपल्या ह्या डोंगराच्या पल्याडच हाय व्हय?’’ कोल्हापूर त्याच्यासाठी आजवर एसटीने कराडवरून जायचं गाव होतं.

चिपळूणच्या बाबतीत मात्र मला माझीही उत्तरसूची दुरुस्त करावी लागली. मी ‘पश्चिम’ धरलं होतं. मुलांनी दोरा लावला, कोनमापक ठेवला, आणि दोरा पश्चिमेकडून चांगलाच उत्तरेला सरकलेला निघाला. वायव्य म्हणायला हवं. रस्ता पश्चिमेकडे निघतो म्हणून मी पश्चिम धरलं, आणि ते खाली उतरतात म्हणून त्यांनी दक्षिण धरलं. दोघांनीही रस्त्यावरून उत्तर दिलं होतं, नकाशावरून कुणीच नाही. मी ज्यांना ‘पश्चिम’साठी गुण दिला होता तो तसाच ठेवला, आणि आपली सूची चुकली होती हे फळ्यावर लिहिलं.

याच खालच्या-वरच्या गोंधळातून दुसरा एक प्रश्न चुकला होता. ‘नदी उत्तरेकडे वाहू शकते का?’ जवळपास सगळ्यांनी ‘नाही’ लिहिलं. पाणी वर कसं चढेल? कोयना स्वतः महाबळेश्वराकडून दक्षिणेला वाहत येते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते, त्यामुळे नकाशातही ती खाली येताना दिसते. मी नाइल नदीचं उदाहरण देणार होते. त्याची गरज पडली नाही. आमच्या शाळेमागचा ओढा दक्षिणेच्या डोंगरातून निघतो आणि उत्तरेकडे वाहत जाऊन कोयनेला मिळतो. ही मुलं पावसाळ्यात त्याच ओढ्यात खेकडे धरतात. फरशीवरच्या नकाशापाशी उभं राहून ओढा कुठून कुठे जातो एवढंच विचारलं, आणि एकदम तीन-चार आवाज आले, ‘‘वर जातोय! न्हाय, उत्तरंला जातोय!’’

धनगरवाड्याचा नकाशा

गावाचा नकाशा काढायला सांगितल्यावर बहुतेकांनी शाळा, देऊळ, रस्ता आणि नदी काढली. धनगरवाड्यावरच्या थोरल्या भावाने एक नागमोडी वाट काढली आणि तिच्यावर ठिकठिकाणी आकडे लिहिले. पाण्याची टाकी १०, आंब्याचं झाड २५, शाळा ४०. मला आधी कळेना. ती मिनिटं होती. त्याचं प्रमाण वेळेत होतं.

‘‘आणि जाताना?’’ मी विचारलं.

‘‘जाताना तासभर लागतो बाई. चढ हाय.’’

म्हणजे एकाच वाटेला दोन अंतरं. एक सेंटिमीटरला अमुक मिनिटं असं प्रमाण धरलं तर उतरणीचा नकाशा वेगळा आणि चढणीचा वेगळा काढावा लागेल. हे त्याचं त्यालाच बोलता बोलता लक्षात आलं आणि मग मीटर का लागतात, हा प्रश्न त्याने विचारला. चाचणीत ‘१ सेंमी = ५ किमी, तर ६ सेंमी म्हणजे किती?’ हे गणित सगळ्यांनी बरोबर सोडवलं होतं. ते गुणाकाराचं उदाहरण म्हणून सोडवलं होतं. प्रमाण म्हणजे काय हे त्या वर्गात खरं विचारलं ते या मुलाने.

सातवीला पुढे समोच्चरेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा धडा आहे. रेषा जवळजवळ आल्या तर चढ उभा, लांब लांब गेल्या तर जमीन सपाटीची. दरवर्षी हा धडा समजवायला मला मातीचा डोंगर करावा लागतो. या मुलाने आकृती पाहिली आणि बोट ठेवून म्हणाला, ‘‘हितं दम लागतो.’’ बरोबर जिथे रेषा दाटल्या होत्या तिथे.

सूर्य जवळ येतो

‘उन्हाळ्यात ऊन कडक का असतं?’ या प्रश्नाला एकाने सोडून सगळ्यांनी लिहिलं, ‘सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो म्हणून.’ चुलीच्या जवळ गेलं की चटका बसतो, हा रोजचा अनुभव आहे. त्यात पृथ्वीच्या कक्षेची चित्रं तिरकस काढलेली असतात, म्हणजे तबकडीकडे बाजूने पाहावं तशी. कागदावर लांबट अंडं दिसतं आणि मूल समजतं, पृथ्वी दोन टोकांना फार लांब जाते आणि मध्ये जवळ येते.

पटांगणात खुंटी ठोकून एक मीटरच्या दोरीने वर्तुळ काढलं. पृथ्वीची कक्षा याच मापाने काढली, तर सूर्य मध्यापासून जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर बाजूला येतो. आणि कक्षेचा लांबटपणा इतका कमी, की वर्तुळ कुठे दबलं ते डोळ्याला दिसणार नाही. जवळ असते तेव्हा पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते, लांब असते तेव्हा सुमारे १५.२ कोटी. आणि जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, शेकोटीच्या दिवसांत. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वात लांब असते.

हे ऐकून वर्ग गप्प झाला, पण पटलं असं चेहऱ्यांवर दिसेना. मग एका मुलाने स्वतःहूनच क्रिकेट काढलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, मेलबर्नला कसोटी सुरू होते. तिथे प्रेक्षक टोप्या घालून, पंखे हलवत बसलेले असतात, आणि आम्ही इथे पहाटे गोधडीत बसून ती मॅच बघतो. सूर्य सगळ्यांनाच जवळ आला असता तर तिथे उन्हाळा आणि इथे हिवाळा कसा? प्रश्न त्याचा होता. माझ्या कुठल्याही आकृतीपेक्षा तो जास्त जोराचा होता.

उत्तर शोधायला आम्ही एक काठी रोवली. जमिनीवर बरोबर एक मीटर, ओळंब्याने सरळ केलेली. पाऊस मागे हटला होता, ऑक्टोबरचं ऊन चांगलं पडत होतं. दुपारी सर्वात आखूड सावली कधी पडते ते बघायचं आणि तिच्या टोकाला दगड ठेवायचा.

पहिली गोष्ट मुलांच्या लक्षात आली ती वेळेची. सूर्य बाराला डोक्यावर येतो असं सगळे म्हणतात, पण आमच्याकडे ऑक्टोबरात सर्वात आखूड सावली बारा वीसच्या पुढे पडली. भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरची, आणि आम्ही ७४ अंशाच्या अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं. हिशेब मुलांनी केला, ३५ मिनिटं आली. मग बारा पस्तीस का नाही, असं त्यांनी विचारलं. सूर्याची दुपार वर्षभर थोडी पुढे-मागे सरकते, कारण पृथ्वीची कक्षेतली गती सारखी नसते आणि तिचा आस कललेला असतो, एवढं सांगून मी ते तिथेच सोडलं. फेब्रुवारीत तीच सर्वात आखूड सावली पाऊण वाजून गेल्यावर पडली, आणि कुणाच्या तरी वहीत ते जपून लिहिलेलं सापडलं.

दुसरी गोष्ट सावलीच्या लांबीची. ऑक्टोबरच्या १० तारखेला सावली सुमारे ४५ सेंटिमीटर होती. नोव्हेंबरभर ती वाढत गेली. २२ डिसेंबरला ८६. तेव्हा ऊन लख्ख होतं, आभाळ निळं होतं, आणि तरी हात पुढे केला तर चटका नव्हता. सूर्य दक्षिणेकडे कलला होता, किरण तिरपे येत होते, तीच ऊब जास्त जमिनीवर पसरत होती. शिवाय दिवस लहान. दिनदर्शिकेतल्या वेळांची वजाबाकी केली तर जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास असलेला दिवस डिसेंबरात अकरा तासांवर येतो. दगडांची रांग बघत उभ्या असलेल्या मुलांना आता ‘जवळ’ शब्दाऐवजी ‘वरून’ आणि ‘तिरपं’ हे शब्द सापडले होते.

संक्रांत की २२ डिसेंबर

‘उत्तरायण कधी सुरू होतं?’ याला पाच-सहा जणांनी ‘संक्रांतीला’ असं लिहिलं होतं. माझ्या उत्तरसूचीत २२ डिसेंबर होतं, मी फुली मारली. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आजी नातवाला सोडायला आली ती थेट मला विचारायला. ‘‘बाई, संक्रांतीला उत्तरायण न्हवं तर काय? तिळातिळानं दिवस मोठा व्हतो म्हणून तर तीळ देतो आपण.’’

आजींना मी बसवून घेतलं, कारण त्या चुकीचं बोलत नव्हत्या. सूर्य मकर राशीत जातो तो क्षण पंचांगात ताऱ्यांच्या मागच्या पडद्यावरून मोजतात. पाठ्यपुस्तकातली तारीख सूर्य सर्वात दक्षिणेला जाऊन परत फिरतो त्या दिवसाची. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही एकाच दिवशी येत होते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो, त्याची एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. त्या डुलण्यामुळे दोन तारखांमध्ये आज २३-२४ दिवसांचं अंतर पडलं आहे. सण पंचांगाबरोबर राहिला, सूर्य आधीच परतू लागला.

आजी म्हणाल्या, ‘‘म्हणजे आमचं जुनं हाय, खोटं न्हाय.’’ मी हो म्हटलं.

यातून वर्गात एक नवीन काम निघालं. दिनदर्शिकेतून डिसेंबर आणि जानेवारीच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा उतरवायच्या. २२ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत दिवस वाढतो तो सहा मिनिटांच्या आसपास, म्हणजे खरोखर तिळातिळाने. पण मुलांना वहीत एक अडचण दिसली. संक्रांतीला सूर्योदय डिसेंबरपेक्षाही उशिरा होत होता. दिवस मोठा होतोय तर सकाळ उशिरा कशी? कारण सगळी वाढ संध्याकाळच्या बाजूने येत होती, सूर्यास्त झपाट्याने पुढे जात होता. सूर्याची दुपार सरकते हे ऑक्टोबरात मी जे अर्धवट सोडलं होतं, तेच इथे आकड्यांत उभं राहिलं. यावेळी मात्र मला ते पूर्ण समजावून सांगावं लागलं.

पावसाळ्याच्या प्रश्नाचंही असंच. ‘पावसाळा कोणत्या महिन्यात सुरू होतो?’ याला एका मुलाने ‘मृगाला’ लिहिलं. महिना विचारला होता म्हणून मी अर्धा गुण कापला होता. मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनला, दरवर्षी, कारण पावसाची नक्षत्रं सूर्याच्या जागेवरून धरतात. चैत्र-वैशाख अधिक महिन्याने मागेपुढे होतील, मृग हलत नाही. त्या मुलाचं उत्तर ‘जून’पेक्षा नेमकं होतं. अर्धा गुण परत दिला.

हवामान हा शब्द

‘हवा आणि हवामान यांत फरक काय?’ याचं उत्तर जवळपास कुणालाच आलं नाही. एकीने लिहिलं होतं, ‘हवा म्हणजे आपण श्वासात घेतो ती, हवामान म्हणजे बातम्यांत सांगतात ते.’ पुस्तकात हवा म्हणजे त्या-त्या वेळची स्थिती आणि हवामान म्हणजे तीसेक वर्षांच्या नोंदींतून ठरलेली सरासरी. पण मराठीत हे शब्द असे वाटून घेतलेले नाहीत. १८७५ पासून असलेल्या खात्याला आपण हवामान खातं म्हणतो आणि त्याला विचारतो ते उद्याचं. ‘आजचं हवामान ढगाळ’ हे रोज कानावर पडतं. मूल घरची भाषा लिहितं आणि आपण त्याला शून्य देतो.

व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी मी पावसाचे आकडे घेतले. पावसाळ्यात कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर यांचे आकडे रोज पेपरात येतात, सकाळी साडेआठला मोजलेले. मुलांना ते तोंडपाठ असतात, कारण धरण किती भरलं यावर घराघरांत बोलणं होतं. एका दिवसाचा आकडा म्हणजे हवा. मग साताऱ्याचा नकाशा घेतला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. वर्षानुवर्षं असंच. हे झालं हवामान. आमच्या वर्गात माणमधून बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्याची एक मुलगी होती. तिने सांगितलं, की त्यांच्या गावी पाऊस आला की माणसं बघायला बाहेर येतात. आमच्या मुलांना हे खरं वाटेना. तिच्या गावाकडची छपरं जवळजवळ सपाट, आमच्याकडची उतरती कौलारू. तेही तिनेच दाखवलं.

दुसरी चाचणी

मार्चच्या शेवटी मी पुन्हा वीस गुणांची चाचणी घेतली. पाठांतराचे प्रश्न कमी केले. नकाशा छापताना मुद्दाम उत्तर डावीकडे ठेवली. प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नाखाली एक ओळ मोकळी सोडली, ‘असं का वाटतं?’ आणि गुण उत्तराला एक, कारणाला एक. दोन प्रश्न पटांगणात तोंडी घेतले, एकावेळी एका मुलाला बोलावून.

पेपर तपासायला मला पहिल्या खेपेच्या दुप्पट वेळ लागला. ज्या शाळेत वर्ग मोठा आहे तिथे प्रत्येक चाचणीला हे जमणार नाही, हे मी जाणते. वर्षातून एका विषयाला, एका भागापुरतं जमू शकतं.

दिशा सावरल्या. उत्तर डावीकडे असतानाही बहुतेकांनी आधी बाण शोधला आणि कागद फिरवून घेतला. पटांगणात अठरा गुणांच्या मुलीने आधी सावली बघितली, मग हात केला. ओढ्याचा प्रश्न सगळ्यांचा बरोबर आला. हवा-हवामानाला उदाहरणं चांगली आली, व्याख्या तशीच डळमळीत राहिली, आणि मी तिचे गुण कापले नाहीत.

‘सूर्य जवळ येतो’ मात्र पुरता गेला नाही. चौघांनी लिहिलं, ‘किरण सरळ पडतात आणि सूर्य जवळ पण येतो.’ नवीन शिकलेलं जुन्याच्या शेजारी जाऊन बसलं होतं. त्यातल्या एकाला मी मेलबर्नची आठवण दिली. तो म्हणाला, ‘‘ते खरंय बाई. पन मे महिन्यात जवळ आल्यासारखाच वाटतो.’’ त्याचं वाटणं मी खोडलं नाही. त्याला एवढंच विचारलं, की दिवस सर्वात मोठा जून महिन्यात, मग आपल्याकडे सर्वात जास्त तापतं मे महिन्यात, असं का? त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘‘जूनला ढग येत्यात.’’ हे कारण पेपरात त्याने लिहिलं नव्हतं, पण त्याला माहीत होतं.

काठीचं पुढे काय झालं

एप्रिलच्या २० तारखेला सावली १० सेंटिमीटरवर आली होती. ती शून्य होईल का, आणि झाली तर पुढे काय, यावर वर्गात दोन तट पडले. काहींचं म्हणणं, सूर्य डोक्यावर येऊन परत फिरेल आणि सावली पुन्हा उत्तरेलाच वाढेल. काहींचं म्हणणं, तो डोक्यावरून पुढे उत्तरेला जाईल. कर्कवृत्त साडेतेवीस अंशावर, महाराष्ट्राच्याही उत्तरेकडून जातं, आणि आम्ही साडेसतराच्या आत, हे त्यांनी नकाशात पाहिलं होतं. पण पाहिलेल्यावर विश्वास बसणं वेगळं. आणि सुट्टी लागणार होती.

आमच्या अक्षांशाला शून्य सावलीचा दिवस ९ मेच्या आसपास येतो, भर सुट्टीत. दुसऱ्यांदा येतो तो ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा आमच्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. म्हणून मी सुट्टीपूर्वी सांगून ठेवलं, ज्याला जमेल त्याने घरी बघा. मे महिन्यात एका दुपारी फोन आला, त्या कमी बोलणाऱ्या मुलीचा. तिने अंगणात मुसळ उभं धरलं होतं, धाकट्या भावाला घड्याळ बघायला बसवलं होतं. ‘‘बाई, सावली मुसळाखालीच गेली. कुठंच दिसंना.’’

पंधरा जूनला शाळा उघडली तेव्हा पाऊस लागून राहिला होता. सातवीची मुलं हायस्कूलला गेली, सहावीची सातवीत आली. काठी पटांगणात होती, तिच्याभोवती गवत उगवलं होतं आणि उत्तरेच्या बाजूला दगडांची रांग होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ढग फाटले. बारा पस्तीसच्या पुढे असेल, ऊन दहाएक मिनिटं टिकलं. ताट तसंच ठेवून दोघे-तिघे धावले. सावली दगडांच्या रांगेकडे नव्हती. ती काठीच्या दुसऱ्या बाजूला, शाळेमागच्या डोंगराकडे तोंड करून पडली होती, दहा सेंटिमीटरची. धनगरवाड्याच्या धाकट्याने ओल्या मातीत तिच्या टोकाला दगड रोवला आणि परत ऊन जायच्या आत पायरीवर चढून ओरडला, ‘‘बाई, दक्षिणंला पडलीया!’’